कात

सगळे म्हणतात, आल्दीस, तू कात टाकलीस.
टाकली कुठे?
ती अंगावरच आहे.

एकाहत्तर किलो गेले.
कुठे गेले, कुणी विचारत नाही.
त्यांची पिशवी तेवढी मागे राहिली,
पोटाखाली ओघळून मांड्यांवर टेकलेली,
दंडाखाली लोंबणारी.
हात हलवून कुणाचा निरोप घेतला
की माझा घेऊन झाल्यावरही
ती क्षणभर घेत राहते.

मासळीच्या कारखान्यात केक आणला होता माझ्यासाठी,
बारीक झाले म्हणून केक.
मूठभर मांस चढावं असं कौतुक.
दोन घासांत पोट भरलं.

कौतुक कपड्यांवरून होतं.
कपड्यांच्या आत, रोज सकाळी,
मी वळी उचलते, ओल पुसते, पावडर टाकते,
सुती फडक्याची पट्टी सरकवते
आणि सगळं उचलून विजारीत बसवते,
पाहुणे यायच्या आधी
पसारा कपाटात कोंबून
पाठीनं दार लावावं तसं.

रात्री कुशीवर वळले
की तीही वळते, जरा उशिरा,
आणि गादीवर शेजारी निजते.
स्तेइन्थोरला कळत नाही हात कुठे ठेवावा.
एकदा अर्धवट झोपेत म्हणाला, गार लागतेस.
खरंय.
पूर्वी मी त्या खोलीतली शेगडी होते.

जुना स्वेटर मी पहिल्याच हिवाळ्यात उसवला.
लोकर वेटोळ्यांची सवय सोडीना.
भिजवली, खाली वजन बांधून न्हाणीघरात टांगली,
चार दिवसांत सरळ आली.
त्यात त्याचा एक झाला, ऊन्नुरचा एक,
शिवाय मोजे.

कातडं उसवता येत नाही.
कापता येतं, डॉक्टर म्हणाले,
कमरेभोवती पूर्ण वेढा, एकच शिवण,
आधी वर्षभर वजन हलू देऊ नका.
मी विचारलं, कापलेल्याचं काय करता?
ते पेनाशी खेळले थोडा वेळ.
जाळतो, म्हणाले.

आमच्या गावच्या तलावाचा नियम साधा आहे:
आधी उघड्यानं अंघोळ, साबण लावून, सगळ्यांदेखत.
भिंतीवर माणसाचं चित्र,
कुठे कुठे घासायचं तिथे तांबडे ठिपके.
तीन वर्षं फिरकले नव्हते.
जाडी होते तेव्हा बेधडक जायचे.
भरलेलं अंग कधी लपवलं नाही,
रिकामं लपवते.

काल गेले.
बाहेर उणे चार, फ्योर्डवर वाफ.
शेजारच्या नळाखाली गुदफिन्ना,
चौऱ्याऐंशीची, टक्क उघडी.
तिनं पाहिलं.
पाहून दुसरीकडे पाहिलं नाही.
पाठ घास माझी, म्हणाली.
घासली. तळव्याखाली तिची कातडी
हाडांवरून मागेपुढे सरकत होती,
टेबलावरच्या सैल कापडासारखी.
मग म्हणाली, आता तू वळ.
माझ्या कमरेवरची घडी तिनं
दोन बोटांत धरली, पोत बघावा तशी.
मला इथवर यायला ऐंशी वर्षं लागली,
ती म्हणाली, तू फार घाई केलीस बाई.

मी हसले.
माझं हसून झालं
तरी पोट हसतच होतं.

गरम कुंडात उतरले
तेव्हा ती पाण्यावर आली,
पोहायच्या कपड्यात फुगली, तरंगली.
इतक्या दिवसांत पहिल्यांदा
तिचा भार दुसऱ्या कुणी घेतला होता.
डोक्यावर बर्फ भुरभुरत होता,
समोरचे दोघे कॉडच्या भावावरून भांडत होते.
मार्चमधली तारीख आहे डॉक्टरांची.
जाईन बहुतेक.

मग उठले.
कुंडाच्या पायरीवर थांबले जरा,
पाणी गळत असताना, कठडा धरून.
तिला यायला वेळ लागतो.